वाचलेल्यांच्याच साक्षी

2021 च्या ऑक्टोबरात, घटस्थापनेच्या दिवशी, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे दुसऱ्यांदा उघडली. त्यानंतर काही आठवड्यांनी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव परिसरातल्या एका लहानशा मंडळीत साक्षीची सभा झाली. एकेक माणूस उठत होता. कुणी कित्येक दिवस ऑक्सिजनवर होते, कुणाला साताऱ्यात खाट मिळत नव्हती आणि अखेरच्या घटकेला मिळाली. प्रत्येकाने देवाचे उपकार मानले, आणि ते मनापासून मानले. मागच्या बाकावर एक बाई बसली होती. तिचा नवरा त्याच वर्षीच्या मे महिन्यात गेला होता. त्याच्यासाठीही याच लोकांनी, इतक्याच कळकळीने, रात्ररात्र प्रार्थना केली होती. ती उठली नाही आणि तिला कुणी उठायला सांगितलेही नाही. पुढचे काही रविवार ती आली. मग यायची थांबली.

त्या सभेत मीही होतो. साक्ष देणाऱ्यांत होतो. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि हा लेख त्याच प्रश्नाने लिहवून घेतला आहे.

प्रचलित समज आणि माझे म्हणणे

आपल्या मंडळ्यांमध्ये एक वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची छाननी कुणी करत नाही: संकटाने विश्वास पक्का होतो. उपदेशात, सांत्वनाच्या भेटीत, दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी हे वाक्य ठरलेले असते. त्याचे जुळे भावंड म्हणजे, देव झेपेल तेवढेच संकट देतो. दोन्ही वाक्यांमागे माया असते, हे मला मान्य आहे. पण दोन्ही उथळ आहेत, आणि ज्याच्यावर खरोखर कोसळले आहे त्याला ती वाक्ये देवापासून दूर लोटतात.

माझे म्हणणे असे. संकटामुळे विश्वास परिपक्व होत नाही. संकट फक्त एक काम करते: देवाशी आपण नकळत केलेला सौदा ते मोडते. मोडल्यावर काय उरते हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, संकटाच्या आधी अंगात मुरलेली उपासनेची सवय. दुसरी, देवापुढे तक्रार मांडण्याची मुभा, आणि ती मांडायला लागेल तेवढा वेळ. तिसरी, दुसऱ्या कुणाचे तरी ओझे उचलण्याची संधी. यांतले काहीही संकट आपल्याबरोबर आणत नाही. ते पुरवते मंडळी, किंवा पुरवत नाही. म्हणून एखादी व्यक्ती संकटात विश्वासापासून ढळली, तर तिच्या विश्वासाचे माप काढण्याआधी मंडळीने स्वतःचा हिशेब पाहावा.

1. सौदा कसा मोडतो

पंडिता रमाबाईंचे आयुष्य आपण फार घाईने वाचतो. विदुषी, विधवांची कैवारी, केडगावची मुक्ती संस्था, बायबलचे मराठी भाषांतर, झाले. पण त्यांच्या श्रद्धेची घडण समजून घ्यायची तर सुरुवात 1870 च्या दशकातल्या दुष्काळापासून करावी लागते. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते, घरदार नसलेले, तीर्थाटन करत पुराण सांगणारे. दुष्काळ आला तेव्हा कुटुंबाने शास्त्रात सांगितलेले सगळे केले. उपास केले, अनुष्ठाने केली, जवळचे होते नव्हते ते दानात घातले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. 1880 मध्ये भाऊही गेला. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. हाती एक लहान मुलगी, मनोरमा.

इथे आपल्यातले काही जण चटकन म्हणतील: पाहा, तो जुना धर्म कामाला आला नाही. हे म्हणणे मला पटत नाही, आणि ते आपल्याला महागात पडते. कारण मोडला तो सौदा, आणि सौदा कोणत्याही धर्मात होतो. आपण इतके उपास करू, तू पाऊस दे. आपण दशांश देऊ, तू धंदा चालव. आपण एकवीस दिवसांची साखळी प्रार्थना करू, तू ताप उतरव. ख्रिस्ती शब्दांत बोलल्याने नवस हा नवस राहत नाही असे थोडेच आहे. आपण त्याला वचनावर हक्क सांगणे म्हणतो, एवढाच फरक.

शुभवर्तमानातच या सौद्याला नकार आहे, आणि तो येशूच्या कामाच्या अगदी आरंभी आहे. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असताना मोहात पाडणारा त्याला सांगतो की धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलेल. उडी टाकायला सांगताना तो शास्त्रातले, एका स्तोत्रातले, वचनही पुढे करतो. येशू ते वचन खोटे आहे असे म्हणत नाही. त्या वचनाच्या जोरावर देवाला पेचात धरायला मात्र तो नाकारतो. महामारीत किती ख्रिस्ती घरांच्या दारांवर तेच स्तोत्र चिकटवले होते, हे आठवून मला आजही अस्वस्थ वाटते. स्तोत्र खोटे नव्हते. आपण ते ताईतासारखे वापरले.

सौदा मोडणे वेदनादायक असते, पण ते परिपक्वता नव्हे. मोडल्यावर माणूस श्रद्धा सोडू शकतो, आणि पुष्कळ जण सोडतात. कडवट होऊ शकतो. अधिक महागडा नवा सौदा शोधू शकतो, आणि असा सौदा विकणाऱ्यांचे तंबू गावोगाव लागतात. संकट यांतल्या कुठल्याच दिशेला आपण होऊन ढकलत नाही.

आणि आपल्याला हे दिसत नाही याचे कारण साधे आहे. साक्षीच्या सभेत वाचलेलेच बोलतात. ज्यांचा विश्वास संकटात गेला ते त्या सभेला आलेलेच नसतात. मग आपण उरलेल्यांकडे बघून नियम बांधतो की संकटाने विश्वास वाढतो. महापुरानंतर उभी राहिलेली घरे मोजून पुराने घरे मजबूत होतात असे कुणी म्हटले, तर 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर चढलेली कृष्णा ज्यांनी पाहिली, ते त्याला दारात उभे करणार नाहीत.

2. भट्टी सोने बनवत नाही

पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासाच्या परीक्षेची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी केली आहे. प्रचलित समजाला हा दृष्टान्त फार प्रिय. पण सराफकट्ट्यावरचा कुणीही सांगेल की भट्टीत पितळ घातले तर पितळच बाहेर येते. आग हीण वेगळे करते, सोने आधीच असावे लागते.

आमच्या भागाला हळदीची उपमा जास्त जवळची आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद जवळजवळ नऊ महिने जमिनीत असते. मग काढणी, मग शिजवणे, मग उन्हात पंधरवडाभर वाळवणे, मग पॉलिश. शिजवण्याचा टप्पा दिसायला सगळ्यात मोठा, धूर-वाफ-धावपळीचा, पण काही तासांचा. कंद जमिनीत पोसला नसेल तर त्या तासांत तो पोसला जात नाही. आणि शिजवून तसाच ढीग घालून ठेवला तर कुजतो.

12 एप्रिल 2020 रोजी पुनरुत्थानाचा सण होता आणि देशभर टाळेबंदी होती. तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या घरांत संध्याकाळी चार ओळी वाचून, एक गीत म्हणून, पाच मिनिटे गप्प बसण्याची जुनी रीत होती, त्यांनी तो सण घरात साजरा केला. ज्यांचा सगळा विश्वास रविवारच्या व्यासपीठावर आणि ध्वनिवर्धकावर टेकलेला होता, ते मोबाइलवर या वक्त्याकडून त्या वक्त्याकडे भटकत राहिले. मी त्यांना नावे ठेवत नाही, मीही काही आठवडे त्यांतलाच होतो. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक घरात असून पाठ एकही गीत येत नाही, हे मला तेव्हा कळले. दवाखान्यातल्या माणसाजवळ पुस्तक नसते. त्याच्याजवळ पाठ असलेले तेवढेच असते.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार देऊन माझ्यावर आक्षेप येईल. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा अशी साखळी तो स्पष्ट सांगतो, मग तुम्ही वेगळे कसे म्हणता? उत्तर त्याच परिच्छेदात आहे, फक्त आपण तिसऱ्या वचनापासून वाचायला लागतो. पहिल्या वचनात पौल देवाशी जुळलेल्या समेटाविषयी बोलतो, दुसऱ्यात कृपेत उभे राहण्याविषयी. ही जागा आधी, संकट नंतर. शिवाय तो सबंध परिच्छेदभर ‘आपण’ म्हणतो. ही साखळी एकेकट्या माणसाच्या मनात आपोआप फिरणारे चक्र आहे असे तो कुठेही म्हणत नाही. एका ठिकाणी उभ्या असलेल्या मंडळीविषयी तो बोलतो आहे.

‘झेपेल तेवढेच’ या वाक्याविषयी

करिंथकरांस पहिल्या पत्रातले जे वचन या वाक्याचा पाया म्हणून सांगतात, ते मोहाविषयी आहे. अध्याय दहाचा विषय मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर हा आहे. तिथे पौल सांगतो की मोहातून बाहेर पडायची वाट असते. कर्करोगाविषयी किंवा तरुण मुलाच्या मृत्यूविषयी ते वचन काही बोलत नाही. उलट त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच पौल कबूल करतो की आसियात आमच्यावर शक्तीपलीकडचे ओझे आले, इतके की जगण्याचीही आशा सुटली होती. म्हणजे ज्याच्या नावावर आपण हे वाक्य खपवतो, त्याला स्वतःला झेपले नव्हते. ज्या बाईला झेपत नाही तिला हे वाक्य ऐकवणे म्हणजे तिच्या दुःखावर नापास झाल्याचा शिक्का मारणे.

3. तक्रारीची मुभा

स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. आपल्या रविवारच्या गायनात विलापाचे प्रमाण किती, हे प्रत्येकाने आपल्या मंडळीत मोजून पाहावे. देवा तू झोपलास का, तोंड का लपवलेस, किती काळ, असे इस्राएल लोक मंदिरात गात होते. बहुतेक विलाप शेवटाकडे स्तुतीत वळतात. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. कुणी तरी ते स्तोत्र शेवटी दोन आनंदाच्या ओळी न जोडता तसेच जपून ठेवले, याचे मला फार मोल वाटते. वळण न सापडलेल्या माणसासाठीही त्या पुस्तकात जागा राखली गेली.

ईयोबाच्या गोष्टीत त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोपर्यंत ते उत्तम सांत्वन करत होते. बोलू लागले आणि बिघडले. ते जे बोलले ते आपल्या सांत्वन-भेटींत जसेच्या तसे ऐकू येते: काही पाप असेल, देव शिस्त लावतो आहे, यातून चांगलेच होईल. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. देवाला कोर्टात खेचण्याची भाषा करणारा ईयोब खरे बोलला, असा निवाडा होतो. लाजर गेल्यावर मार्था येशूला भेटताक्षणीच सुनावते की तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. येशू तिला अविश्वासी म्हणत नाही. पुढे तो स्वतः रडतो. आणि वधस्तंभावर त्याच्या ओठी आले ते विलापाचेच स्तोत्र.

तेव्हा तक्रार हा अविश्वास नव्हे. जो उत्तर देईल असा कुणी आहे असे वाटते, त्याच्याकडेच माणूस तक्रार घेऊन जातो. खरा धोका तक्रार थांबण्यात आहे. ती मागच्या बाकावरची बाई भांडली असती, रडली असती, तर आम्हाला कळले असते की ती अजून देवाशी बोलते आहे. आम्ही तिला भांडायला जागाच ठेवली नव्हती, कारण सभेचे नाव साक्षीची सभा होते.

लागणारा वेळ

या मुभेला वेळ जोडलेला असतो, आणि तिथेच आपण सगळ्यात अधीर होतो. महिनाभरात माणूस सावरला पाहिजे, सहा महिन्यांत त्याची साक्ष झाली पाहिजे, अशी आपली न बोललेली अपेक्षा असते.

लक्ष्मीबाई टिळकांची हकिगत पाहा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी ती दिवसाउजेडी कोसळलेली आपत्ती होती. नवरा जिवंत असून सुटलेला, माहेर-सासर हवालदिल, पदरी मुलगा दत्तू. त्या काही काळ पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळे-ओवळे सांभाळून, पाण्याचा आणि चुलीचा वेगळेपणा राखून. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. मध्ये पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांत त्यांना कुठलाही साक्षात्कार पटकन झाला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी उलटसुलट केला, आणि ती माणसाने केली असे पटल्यावर कुणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा नंतर आला. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक मराठीत इतके आवडते झाले त्याचे एक कारण मला हे वाटते की त्यात श्रद्धेला चालायला लागणारा वेळ कापून टाकलेला नाही. आणि टिळकांनी तो वेळ दिला, त्यांच्या तापट स्वभावाला ते किती जड गेले असेल याची कल्पना पुस्तक वाचताना येते.

रमाबाईंचेही तसेच. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर धर्मगुरू आणि भगिनी-संघाशी त्यांचे सैद्धान्तिक वाद झाले, पत्रापत्री झाली, आणि त्यांनी आपल्या बुद्धीची मान कुणाच्या हाती दिली नाही. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. ज्या मंडळीत असे वाक्य बोलायची सोय नाही, तिथे परिपक्व माणसे तयार कशी होणार?

मुक्कामाला आलेले संकट

इथवर मी अचानक कोसळणाऱ्या संकटाविषयी बोललो. आपले सगळे प्रवचन-साहित्यही त्याच्याविषयीच असते. पण कोरेगावात उभे राहून पाहिले तर संकटाचे दुसरे रूप दिसते.

पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि घाटमाथ्यापासून पूर्वेला जावे तसा तो झपाट्याने घटतो. कोरेगाव तालुका या उतरणीवर आहे. पुढे खटाव-माण, पर्जन्यछायेचा मुलूख. तालुक्याच्या उत्तर भागातला शेतकरी पावसाच्या हुलकावण्या पिढ्यान्पिढ्या पाहत आला आहे. वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण घेवड्यालाही पाऊस वेळेवर लागतो. 1972 चा दुष्काळ, खडी फोडणारी माणसे, सुकडी, हे घराघरांत अजून सांगतात. इथे संकट पाहुणे म्हणून येत नाही, ते मुक्कामाला असते. तसेच कर्ज. तसाच डायलिसिस. तसेच मुले पुण्या-मुंबईला गेल्यावर सात-आठ घरांवर आलेली मंडळी, जिथे पाळक महिन्यातून एकदा येतो.

ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांच्या वाट्याला आणखी एक असे संकट आहे. सातारा, सांगली, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांतल्या मंडळ्यांमधली पुष्कळ घराणी महार-मांग समाजांतून आली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. गावाने जात विसरली नाही, कागदाने मात्र ती पुसली. इथे विश्वासाची परीक्षा रुग्णालयात होत नाही, तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत होते, आणि दर पिढीला होते. त्या घरांना संकटाने विश्वास पक्का होतो असे सांगणे मला शोभत नाही. मंडळीतही जातीची उतरंड वर्षानुवर्षे टिकली, हे तर आपण मोठ्याने कबूल करायला हवे.

मुक्कामाच्या संकटात चमत्काराची साक्ष देण्यासारखे काही घडत नसते. सोमवारनंतर मंगळवार येतो. म्हणून माझ्या मते परिपक्वतेची खरी कसोटी इथे लागते. पौलाच्या शरीरातला काटा त्याने तीनदा मागूनही गेला नाही, आणि तो काटा नेमका कोणता हे त्याने लिहिलेही नाही. त्या काट्यानिशी तो गावोगाव हिंडला.

4. दुसऱ्याचे ओझे

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती उभी राहिली. या घटनेला आपण समाजकार्य म्हणतो आणि पुढे जातो. मला त्यात त्यांच्या श्रद्धेचा प्रवास पुरा झालेला दिसतो. जी मुलगी कधीकाळी आई-वडिलांची प्रेते पाहत उपाशी हिंडली, तिनेच वीस वर्षांनी दुष्काळात पोळलेल्या मुली ओळखल्या. माझ्यावरच का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले असे त्या कुठे म्हणत नाहीत. पण तो प्रश्न घेऊन त्या दुसऱ्याच्या दाराशी गेल्या.

हे मराठी मातीला नवे नाही. तुकोबांच्या घरी 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गेले, दुकान बुडाले. त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. स्वतः बुडालेल्या माणसाने दुसऱ्यांचे कर्ज बुडवले! तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, तेव्हा त्यांना काव्याची गोडी तर अभिप्रेत असणारच. मला वाटते, हा दुष्काळातून पलीकडे नेणारा पूलही असावा.

टिळकांचे शेवटचे पर्व आमच्या शेजारी घडले. 1917 मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि ते साताऱ्याला आले. परदेशी पैशावर आणि परदेशी साच्यावर उभी असलेली मंडळी इथल्या मातीत रुजणार नाही, ही त्यांची तळमळ होती. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. 9 मे 1919 रोजी ते गेले. दरबार मागे फार टिकला नाही. यशाच्या मापाने तो फसला असे कुणी म्हणू शकेल. पण ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी अर्धवट टाकले होते, आणि एकेकाळी नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने मोडून पडलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा फार मोठा भाग लिहिला. शाळेत कधी न गेलेल्या या बाईने नवऱ्याचे ओझे आपल्या लेखणीवर घेतले.

राहिलेले आक्षेप

पहिला आक्षेप बाहेरून येतो: दुष्काळात जे ख्रिस्ती झाले ते पोटासाठी झाले, त्यांच्या श्रद्धेला परिपक्वता कुठली? याला मी लाजून उत्तर देणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू जमावाला तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाल्ली म्हणून मला शोधता. पण हे तो त्यांना जेवू घातल्यानंतर सांगतो. भुकेने सुरू झालेला विश्वास कमी प्रतीचा असेल, तर तुकोबांचा आणि रमाबाईंचाही ठरेल. आरंभ कुठून झाला यापेक्षा तो विश्वास पुढे कुणाला जेवू घालतो हे पाहावे.

दुसरा आक्षेप आतला आहे. साध्या माणसांना हे सगळे विश्लेषण कशाला, आमच्या आजीचा विश्वास किती साधा आणि किती बळकट होता! खरे आहे. पण आजीला आठवून पाहा. तिला गीते पाठ होती. ती देवाशी मोठ्याने भांडत असे. आणि कुणाच्या घरी मयत झाली की पहिली भाकरी तिच्या घरून जात असे. मी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी तिच्यापाशी होत्या, तिने त्यांना नावे दिली नव्हती इतकेच.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. सौदा नको म्हणता म्हणता तुम्ही मागणेच बंद करता आहात, आणि श्रद्धेचे रूपांतर समाजसेवेत करता आहात. हा धोका खरा आहे आणि मी तो माझ्यात पाहिला आहे. महामारीनंतर जवळजवळ वर्षभर मी कुणाच्याही बरे होण्यासाठी प्रार्थना करू शकलो नाही, डबे पोहोचवत राहिलो. तीही एक पळवाटच होती. गेथशेमाने बागेत येशू मागतो. हा प्याला टळो असे स्पष्ट मागतो, पुन्हा पुन्हा मागतो, आणि जवळच्या तीन मित्रांना जागे राहायला सांगतो. परिपक्व श्रद्धा मागणे सोडत नाही, ती मागण्याला अट करत नाही. ते तिघे मात्र झोपले. त्या रात्री प्याला टळला नाही, याचे उत्तर मला देता येत नाही. मित्र झोपले होते, याविषयी आपल्याला काही करता येते.

मंडळीपुरते काही

म्हणून माझी सूचना लहान आणि नेमकी आहे. मंडळीच्या वर्षाच्या कार्यक्रमात एक रविवार विलापाचा ठेवावा. उत्तम शुक्रवारच्या आसपास नको, कारण तिथे आपल्याला तिसऱ्या दिवसाची घाई असते. पावसाळा लांबलेला असतो तेव्हा ठेवावा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे आणि त्यावर उपदेश करू नये. साक्ष मागू नये. वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचावीत, ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि जे गेले त्यांची आधी. मग कुणाला बोलायचे असेल तर बोलू द्यावे, कुणाला भांडायचे असेल तर भांडू द्यावे, आणि पाळकाने शेवटी ते गोड करून देऊ नये.

त्या बाईकडे मी तीन वर्षांनी गेलो. इतका उशीर का झाला, हे तिने विचारले नाही. चहा झाला. घेवडा सोलायला घेतला होता, मीही बसलो सोलत. जाताना मी विचारले की पुन्हा येणार का. ती म्हणाली, येईन, पण मला पुढे बोलवू नका. मी म्हटले, मागच्या बाकावर मीही बसतो.